आकडे पाठ असताना एका माणसाच्या आठवणी कशाला वाचायच्या?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की दुसऱ्या महायुद्धावरचे दोन-तीन जाडजूड ग्रंथ तुमचे वाचून झालेत, नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंचा आकडा माहीत आहे, छावण्या कुठे होत्या, कोणी चालवल्या तेही माहीत आहे, आणि आता मित्राने प्रीमो लेवी या इटालियन ज्यू लेखकाच्या आउशवित्झ या नाझी छावणीतल्या आठवणी हातात दिल्यात. चाळीसेक पानं झाल्यावर तुम्ही थांबलात. नवीन काही कळत नाहीये, रडू येत नाहीये, त्यामुळे आपण निष्ठूर आहोत की काय असंही वाटतंय, आणि वर आठवून आठवून लिहिलेल्या गोष्टीवर भरवसा किती ठेवायचा हा प्रश्न आहेच.

मी २४ वर्षं कॉलेजात विसाव्या शतकाचा इतिहास शिकवतेय, त्यातली पंधराएक वर्षं बचावलेल्यांची आत्मकथनं वर्गात वाचून घेते. तेव्हा हे उत्तर त्या अनुभवावरून, आणि जरा लांबेल.

माझ्या मते तुमची अडचण अशी आहे की तुम्ही हे पुस्तकही माहितीसाठीच वाचताय. माहिती म्हणून पाहिलं तर ते तोकडंच पडणार. छावणीतल्या माणसाला शेजारच्या बराकीत काय चाललंय हे सुद्धा धड कळत नव्हतं, तो तुम्हाला पूर्ण युरोपचं चित्र कुठून देणार? ते काम इतिहासकाराचं, आणि ते तुम्ही आधीच वाचलंय. आत्मकथनातून मिळतं ते वेगळं काहीतरी, त्याच्याकडे येते. त्याआधी एक सांगते, हे सगळ्यांनी वाचलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. ज्याच्या स्वतःच्या आयुष्यात हिंसा ताजी आहे त्याला मी सरळ सांगते, आत्ता नको, नंतर बघू. आणि ज्याला युद्धाचा क्रमच माहीत नाही त्याने आधी इतिहास वाचावा, नाहीतर नुसता गोंधळ होतो. तुमचं तसं नाहीये, तुम्ही बरोबर जागेवर आहात.

आता रडू न येण्याबद्दल. सुरुवातीची काही वर्षं मी काय करायचे, एखाद्या आत्मकथनातलं सगळ्यात भयानक पान निवडायचे आणि मोठ्याने वाचून दाखवायचे. वर्ग सुन्न व्हायचा, एकदोन जण डोळे पुसत बाहेर जायचे, आणि मला वाटायचं चला, पोचलं. मग टर्मच्या शेवटी पेपर तपासायला घेतले की काय, तर नाझी राक्षस होते, हिटलर वेडा होता. म्हणजे माझा कोर्स न करता जे लिहिलं असतं तेच! रडून झालं होतं पण कळलं काहीच नव्हतं. तेव्हापासून मी भयानक पानं निवडणं बंद केलं आणि अश्रूंवरून काही ठरवणंही बंद केलं. शिवाय तुमच्या हातातलं पुस्तक मुद्दामच कोरडं आहे. लेवी पेशाने केमिस्ट होते, आरडाओरडा न करता साक्षीदारासारखं सांगायचं हे त्यांनी ठरवून केलं, निवाडा वाचणाऱ्याने करावा म्हणून. तेव्हा तुम्हाला ते थंड वाटतंय याचा अर्थ तुम्ही नीट वाचताय असाही होऊ शकतो.

तर वेगळं काय मिळतं? दर वर्षी पहिल्या आठवड्यात कोणीतरी एक प्रश्न विचारतोच: "मॅडम, मग हे लोक पळून का नाही गेले?" कधी तो आणखी टोचून येतो, एवढे होते, उलटून वार का नाही केला. इतिहासाचा ग्रंथ वाचून हा प्रश्न जात नाही, उलट वाढतो, कारण ग्रंथाला शेवट माहीत असतो. १९३३ पासून १९४५ पर्यंत सगळं एका रांगेत मांडलेलं असतं, पुढचं पाऊल काय हे आपल्याला दिसत असतं, आणि मग ज्याला ते दिसलं नाही तो आपल्याला बावळट वाटायला लागतो. आत्मकथन तुम्हाला त्या रांगेतून उचलून एका दिवसात नेऊन ठेवतं, जिथे उद्याचं काही माहीत नाहीये.

म्हणून मी मुलांना वहीत दोन रकाने आखायला लावते. एकात तारीख, दुसऱ्यात त्या दिवशी लिहिणाऱ्याला काय माहीत होतं. बास. आपल्याला आज काय माहीत आहे ते लिहायचंच नाही, आणि ते न लिहिणं किती अवघड जातं ते करून बघा.

तुमच्याच पुस्तकावर लावून बघू. डिसेंबर १९४३, लेवी २४ वर्षांचे, उत्तर इटलीच्या डोंगरात पार्टिझन, म्हणजे लपून लढणाऱ्या बंडखोरांच्या, टोळीबरोबर पकडले गेले. चौकशीत त्यांनी आपण ज्यू आहोत हे कबूल केलं, आणि त्यामागे एक कारण होतं: पार्टिझन म्हणून सापडलो तर गोळी घालतील. त्या दिवशीच्या माहितीवर हे जास्त सुरक्षित उत्तर होतं! आपण आज ते वाचताना ओरडतो, अरे नको सांगू, पण रकान्यात लिहून बघा, चूक सापडत नाही. मग इटलीतलीच फोसोलीची छावणी. फेब्रुवारी १९४४ मध्ये कळतं की उद्या सगळ्यांना नेणार, गाडीत काय खायचं याची तयारी सुरू होते, आया पोरांना आंघोळी घालतात, आणि पहाटे काटेरी तारेवर लहान मुलांचे धुतलेले कपडे वाळत पडलेले असतात. हे पान तुमच्या चाळीस पानांत येऊन गेलंय. परत वाचा. त्या बायकांना काहीच कल्पना नव्हती असं नाही, बऱ्याच जणांना अंदाज होता. तरी कपडे धुतले, कारण उद्या पोराला काहीतरी घालावं लागणार. आणि गाडी कुठे चाललीय हे कळलं, आउशवित्झ, तर लोकांना जरा हायसंच वाटलं, कारण ते नाव तेव्हा कोणाला काही सांगत नव्हतं, निदान पृथ्वीवरचं एक ठिकाण आहे एवढं कळलं. आज हा शब्द ऐकून अंगावर काटा येतो, पण तो शब्द एकेकाळी रिकामा होता हे मला तरी कुठल्याही ग्रंथाने जाणवून दिलं नव्हतं.

त्या गाडीत ६५० माणसं होती. ९६ पुरुष आणि २९ बायका कामासाठी छावणीत घेतल्या, उरलेली पाचशेच्या वर माणसं दोन दिवसांत संपवली. ग्रंथात ही एक ओळ असते, किंवा तेवढीही नसते.

आता पळण्याचा प्रश्न. आउशवित्झमधून वाचलेले दुसरे लेखक एली वीझेल, त्यांचं गाव सिगेत, तेव्हा हंगेरीत. त्यांनी लिहिलंय की परदेशी ज्यू म्हणून हाकललेला त्यांच्या गावातला एक गरीब माणूस जीव वाचवून परत आला, बाकीच्यांना कसं मारलं ते दारोदार सांगत फिरला, आणि लोकांनी त्याला वेड्यात काढलं. किती मूर्ख लोक, असं वाटतं ना? पण रकाना भरा. १९४४ चा वसंत ऋतू, रशियन सैन्य जवळ येतंय, रेडिओवर जर्मनीच्या पराभवाच्या बातम्या, म्हणजे अजून थोडे महिने काढले की सुटलो. घर आहे, दुकान आहे, म्हातारी माणसं आहेत. वडिलांना परदेशी जायचा पर्याय सुचवला तर ते म्हणतात या वयात नव्याने सगळं सुरू करणं होणार नाही माझ्याने. यातलं एकही वाक्य मूर्खपणाचं नाहीये. जर्मन सैन्य हंगेरीत घुसलं १९ मार्च १९४४ ला, आणि १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत ४ लाख ४० हजारांच्या आसपास माणसं हद्दपार केली गेली, बहुतेक आउशवित्झला. नॉर्मंडीला दोस्तांचं सैन्य उतरल्यावरही या गाड्या चालूच होत्या. वेग हेच हत्यार होतं. आठ आठवडे हा आकडा मी आधी शंभरदा शिकवला असेन, पण त्या घरात बसून तो वेग अनुभवल्यावर "का नाही पळाले" हा प्रश्न माझ्या वर्गात पुन्हा कोणी त्या सुरात विचारत नाही. मुलं आता विचारतात की लोकांना विचार करायला वेळ मिळू नये याची व्यवस्था कोणी आणि कशी केली. प्रश्न असा फिरला की मला वाटतं काहीतरी समजलं.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि ही इतिहास वाचणाऱ्या माणसाला जास्त पटेल. अत्याचारांचे कागद लिहिले कोणी? करणाऱ्यांनी. नाझींच्या कागदात मारणं हा शब्द फार कमी येतो, तिथे विशेष वागणूक असते, स्थलांतर असतं, पूर्वेकडे पाठवणी असते. एका बाजूच्या भाषेत तुम्ही हजार पानं वाचलीत तरी समोरच्या बाजूला काय झालं हे त्यात येणारच नाही. चमच्याचं उदाहरण देते, हे लेवींनी पुष्कळ नंतर, १९८६ च्या पुस्तकात लिहिलंय. नव्याने आलेल्या कैद्याला छावणीत चमचा देत नसत. रोजचं पातळ सूप कुत्र्यासारखं चाटून प्यायचं, नाहीतर आपला पाव विकून चमचा मिळवायचा. आपण म्हणू युद्धकाळ, टंचाई असेल. पण छावणी मुक्त झाल्यावर गोदामात हजारो कोरे चमचे सापडले, शिवाय कैद्यांच्या सामानातून काढून घेतलेले वेगळेच. म्हणजे टंचाई नव्हतीच, माणसाला चाटायला लावणं हाच हेतू. मी मुलांना विचारते, ही नोंद कुठल्या सरकारी फायलीत सापडेल? गोदामाच्या यादीत चमचे सापडतील, नग इतके. ते दिले नाहीत म्हणजे काय केलं हे फक्त ज्याला मिळाला नाही तोच सांगू शकतो.

असाच एक प्रसंग तुमच्या पुस्तकात पुढे येणार आहे. लेवींची केमिस्ट म्हणून परीक्षा होते, जर्मन डॉक्टरेटवाल्या साहेबासमोर, आणि परतताना त्यांच्यावर नेमलेला कापो, म्हणजे कैद्यांमधूनच केलेला मुकादम, हाताला ग्रीस लागलं म्हणून तो हात लेवींच्या खांद्यावर पुसतो. रागाने नाही, चिडवायला पण नाही. फडकं जवळ असावं तसं. कुठल्या कोर्टात हे कलम लागेल? पण ती छावणी कशावर उभी होती हे मला गॅस चेंबरच्या तांत्रिक वर्णनापेक्षा त्या खांद्यावरून जास्त कळलं. माझं मत आहे, तुम्हाला दुसरं काही वाटू शकतं.

भरवशाचं बघू. आधी एक दुरुस्ती, लेवींनी हे पुस्तक वर्षानुवर्षं मध्ये घालवून लिहिलेलं नाही, परत आल्या आल्या लिहायला घेतलं आणि १९४७ मध्ये छापून आलं. मोठ्या प्रकाशकाने नाकारलं होतं म्हणून एका छोट्या प्रकाशकाने २,५०० प्रती काढल्या, त्याही सगळ्या खपल्या नाहीत. नाकारणाऱ्या त्याच प्रकाशकाने मग १९५८ मध्ये ते काढलं. तेव्हा लोकांना ऐकायचंच नव्हतं हो. बर्लिनमधल्या एका बाईची १९४५ ची डायरी, रशियन सैनिकांनी केलेल्या बलात्कारांबद्दलची, जर्मन भाषेत १९५९ मध्ये आली तेव्हा जर्मन स्त्रियांची अब्रू घालवली म्हणून तिच्यावरच टीका झाली, आणि आपण जिवंत असेपर्यंत ती परत छापायची नाही असं तिने ठरवलं. २००३ मध्ये निनावीच परत आली. कुठलं आत्मकथन कधी लिहिलं गेलं, कधी छापलं, कोणी दाबलं हाही अत्याचाराच्याच इतिहासाचा भाग आहे, पहिल्या पानावरची ती बारीक अक्षरं सोडू नका.

बाकी आठवण चुकते का? चुकते. तारखा चुकतात, संख्या तर हमखास. मानसोपचारतज्ज्ञ दोरी लाउब यांनी सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १९४४ मध्ये आउशवित्झमध्ये कैद्यांनी बंड करून एक दाहभट्टी पेटवली होती. एका बाईने साक्षीत सांगितलं की चार धुराडी स्फोटात उडाली. इतिहासकार म्हणाले चार नाही, एक, त्यामुळे ही साक्ष बाद. लाउब, जे स्वतः लहानपणी छळातून बचावले होते, त्यांचं म्हणणं असं की ती धुराड्यांची मोजणी करतच नव्हती, जिथे असं काही घडणंच शक्य नव्हतं तिथे ते घडलं हे ती सांगत होती. मला दोघंही बरोबर वाटतात. धुराडी किती हे तिला विचारू नका, त्यासाठी अर्काइव्ह, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा संग्रह, आहे. ती उडालेली पाहताना आतमध्ये काय झालं हे अर्काइव्हला विचारू नका.

पण याचा अर्थ काहीही खपवून घ्यायचं असा नाही. १९९५ मध्ये छावणीतलं बालपण सांगणारं एक जर्मन पुस्तक आलं, खूप गाजलं, बक्षिसं मिळाली, आणि १९९८ मध्ये एका पत्रकाराने दाखवून दिलं की लेखकाने ते सगळं युद्ध स्वित्झर्लंडमध्ये सुखरूप काढलं होतं. अशा पुस्तकांमुळे नरसंहार झालाच नाही म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं. माझा साधा नियम आहे: एखादं आत्मकथन फारच सिनेमासारखं वाटायला लागलं, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चमत्कारिक सुटका, प्रत्येक माणूस एकतर देव नाहीतर सैतान, की मी थांबते आणि बाहेरची कागदपत्रं बघते. खऱ्या आठवणींत कंटाळा खूप असतो, भुकेची तीच तीच रटाळ गणितं असतात, आणि लिहिणाऱ्याला स्वतःची लाज वाटेल अशी निदान एक तरी गोष्ट असते.

आणखी एक मोठा खड्डा आहे. जो लिहितो तो जिवंत सुटलेला असतो, म्हणजेच अपवाद. हे लेवींनीच सगळ्यात स्पष्टपणे सांगितलंय, की आम्ही खरे साक्षीदार नाही, खरे साक्षीदार तळाशी गेले आणि परत आले नाहीत. ते स्वतः का वाचले? १९४४ मध्ये पोचले, तेव्हा कामगारांची टंचाई होती म्हणून जरा उशिरा मारत होते. थोडं जर्मन येत होतं. शेवटच्या महिन्यांत लॅबमध्ये, म्हणजे छपराखाली काम मिळालं. लोरेन्झो नावाचा एक इटालियन गवंडी सहा महिने रोज स्वतःच्या वाट्यातलं खायला देत राहिला. आणि जानेवारी १९४५ मध्ये ऐन वेळी ताप आला म्हणून दवाखान्यात राहिले, चालू शकणाऱ्यांना बर्फातून हाकत नेलं त्यातले हजारो वाटेत मेले. यात शौर्य कुठे आहे सांगा? म्हणून कव्हरवर मानवी जिद्दीचा विजय वगैरे लिहिलेलं असलं की मी वैतागते. तो लोरेन्झो घरी परतला तो आतून संपूनच, दारूला लागला आणि १९५२ मध्ये गेला. लेवींनी आपल्या दोन्ही मुलांच्या नावात त्याचं नाव ठेवलं.

आणि लिहिणारे कोण असतात ते पण बघा, बहुतेक शिकलेले, ज्यांच्याकडे कागद, भाषा आणि ओळखी होत्या. रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणत, त्या लोकांनाही नाझींनी असंच मारलं, पण ऑस्ट्रियातल्या चेया स्टोयका यांचं आत्मकथन यायला १९८८ उजाडलं. जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या बायकांचं तर आणखी उशिरा. यान रफ-ओहर्न ही जावामधली डच मुलगी, १९४४ मध्ये छावणीतून उचलून नेलेली, ती बोलली १९९२ मध्ये. मधली जवळपास पन्नास वर्षं तिला घरात कोणी फुलं दिलेली आवडायची नाहीत, आणि का ते पोरींना माहीत नव्हतं. तिथे मुलींना फुलांची नावं दिली होती. इतिहासाच्या पुस्तकात हे युद्ध १९४५ ला संपतं.

एकाच युद्धात अडकून राहू नका असंही सांगेन. जहानारा इमाम यांची १९७१ ची ढाक्याची रोजनिशी मिळाली तर बघा. त्यांचा मुलगा रूमी बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीत, २९ ऑगस्टच्या रात्री पाकिस्तानी सैन्याने घरातून उचलला, परत आलाच नाही. छावणी नाही, काटेरी तार नाही, घर आहे, स्वयंपाक आहे, फोन आहे, आणि त्याच घरात बसून चर्चा चाललीय की दयेचा अर्ज करायचा का. ज्या सरकारविरुद्ध पोरगा लढतोय त्याच सरकारकडे त्याच्यासाठी दया मागायची? नाही केला. रूमीचे वडील गेले १३ डिसेंबरला, हार्ट अटॅकने, युद्ध संपलं १६ ला. इथेही दोन रकाने आखून वाचा, तारखा आपल्याला माहीत असतात आणि त्यांना नसतात, त्यामुळे प्रत्येक पान उलटताना हात जड होतो.

वाचण्याबद्दल दोन-चार गोष्टी. झोपायच्या आधी नको. एका बैठकीत एक प्रकरण, फार तर दोन. लागोपाठ पाच आत्मकथनं वाचू नका, तिसऱ्यापर्यंत मन बधिर होतं आणि मग उपाशी माणसाचं वर्णन सुद्धा हवामानाच्या बातमीसारखं वाटायला लागतं, माझं झालंय असं, एका सुट्टीत मी सहा वाचली होती आणि शेवटच्या दोनमधलं मला आज काहीही आठवत नाही. तुमचा तो इतिहासग्रंथ शेजारी उघडा ठेवा, पण प्रकरण संपल्यावरच बघा, मध्ये नाही.

आणि चाळीस पानांवरून पुढे जाऊ नका लगेच. पहिल्या प्रकरणापासून परत घ्या, वही घेऊन. तारेवरच्या त्या कपड्यांपाशी दुसऱ्या रकान्यात काय लिहिलंत ते मला कळवा, माझ्या वर्गात त्या एका ओळीवरून पाऊण तास भांडण होतं.